ओट्याचा दगड काय पितो?

स्वयंपाकघराचा ओटा बसून झाला की फरशीवाला किंवा दुकानदार हमखास सुचवतो, “वरून सीलर मारून घ्या, डाग पडणार नाहीत.” मग घरात प्रश्न सुरू होतात. सीलर खरंच लागतो का? स्वस्त बाटली आणि महाग बाटली यांत फरक काय? आणि सगळ्यात अडचणीचा प्रश्न असा, की शेजारच्या घरी सीलर मारूनही लिंबाचा पांढरा चट्टा पडलाच, तो कसा?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं की बाकीची उत्तरं सोपी होतात. त्यासाठी बाटली बाजूला ठेवून आधी दगडाकडे पाहू. सीलरची निवड रंगावरून किंवा किमतीवरून करता येत नाही. ओट्याचा दगड कोणता आणि त्या ओट्यावर रोज काय सांडतं, यावरूनच ती करावी लागते.

१. आपल्या ओट्यावर कोणता दगड आहे?

आपल्या नांदेड जिल्ह्यात अर्धापूर आणि नांदेड शहर दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर वसलेली आहेत. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर. देगलूर, बिलोली, मुखेडकडे गेलं की हा बेसाल्ट संपत जातो आणि त्याच्याखालचा, दोनशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. तरीही आपल्या ओट्यावरचा दगड बहुतेक वेळा बाहेरून आलेला असतो. शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची. 1956 पर्यंत तो भाग आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते आणि मराठवाड्यातल्या जुन्या घरांत ही फरशी सर्रास दिसते. कडप्पा आंध्रातला, कोटा आणि मकराण्याचा संगमरवर राजस्थानातला. ग्रॅनाइट येतो तो प्रामुख्याने तेलंगणातल्या करीमनगर-खम्मम पट्ट्यातून किंवा आंध्रातल्या चिमाकुर्तीहून. सोनेरी ठिपक्यांचा काळा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ चिमाकुर्तीचाच.

सीलरच्या दृष्टीने या सगळ्यांचे दोनच गट पडतात. पहिला गट चुन्याच्या दगडांचा: शहाबादी, कडप्पा, कोटा, तांदूर आणि संगमरवर. दिसायला हे एकमेकांपासून फार वेगळे, पण सगळ्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. दुसरा गट सिलिकायुक्त दगडांचा. त्यात ग्रॅनाइट, बेसाल्ट आणि ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकले जाणारे गॅब्रोसारखे दगड येतात.

कोणता दगड कोणत्या गटातला, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मिस्त्रीने कापून टाकलेला एक तुकडा घ्या आणि त्याच्या पॉलिश केलेल्या बाजूवर लिंबाच्या रसाचे दोन थेंब पाच-दहा मिनिटं ठेवा. पुसून उजेडात तिरकं धरून पाहा. तिथली चकाकी गेली असेल, बोट फिरवल्यावर जागा किंचित खरखरीत लागत असेल, तर दगड चुन्याचा. काहीच झालं नसेल तर सिलिकायुक्त. ही चाचणी तुकड्यावरच करा. ओट्यावर केलीत तर पडलेला चट्टा तिथेच राहील.

२. दगड पितो म्हणजे किती पितो?

दगड डोळ्यांना सलग दिसतो, पण त्याच्या कणांमध्ये केसाहून बारीक फटी आणि छिद्रं असतात. पाणी आणि तेल त्यांतून आत ओढलं जातं. सोबत रंग असेल तर तोही आत जातो आणि पाणी उडून गेल्यावर मागे राहतो. बांधकामाच्या दगडांसाठी अमेरिकेतल्या एएसटीएम या संस्थेची मानकं जगभर वापरली जातात. त्यांनुसार चांगल्या ग्रॅनाइटने स्वतःच्या वजनाच्या जास्तीत जास्त 0.40 टक्के पाणी शोषावं, संगमरवराने 0.20 टक्के. चुनखडीत घट्ट प्रतीच्या दगडाला 3 टक्क्यांपर्यंत मुभा आहे, मध्यम प्रतीच्या दगडाला साडेसात टक्क्यांपर्यंत.

हे आकडे घरच्या मापात आणू. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि 18 मिलिमीटर जाड ग्रॅनाइटचं वजन सुमारे साडेचार किलो भरतं. त्याचे 0.40 टक्के म्हणजे 18 ग्रॅम पाणी, साधारण साडेतीन चहाचे चमचे. हा कमाल आकडा झाला. घट्ट काळा दगड त्याच्या कितीतरी कमी पितो. तेवढ्याच आकाराचा चुन्याचा दगड 3 टक्क्यांच्या हिशोबाने 135 ग्रॅम पाणी पिऊ शकतो, म्हणजे छोटी वाटीभर.

यातली एक गोष्ट लोकांच्या समजुतीला धक्का देणारी आहे. मानकात संगमरवराची मर्यादा ग्रॅनाइटच्याही निम्मी आहे. चांगला संगमरवर फार कमी पितो. तरीही स्वयंपाकघरात सगळ्यात लवकर खराब होतो तो संगमरवरच. तेव्हा ओटा खराब होण्याचं कारण फक्त ‘पिणं’ हे नाही.

३. डाग वेगळा, चट्टा वेगळा

डाग म्हणजे बाहेरचा रंग किंवा तेल दगडात शिरणं. चट्टा म्हणजे आम्लाने दगडाचाच पृष्ठभाग खाल्ला जाणं. डागात दगडामध्ये काहीतरी भर पडते, चट्ट्यात दगडाचाच थोडा अंश निघून जातो. सीलर डागाला अडवतो. चट्ट्यापुढे तो जवळपास हतबल आहे.

लिंबातलं सायट्रिक आम्ल, चिंचेतलं टार्टारिक आम्ल, ताकातलं लॅक्टिक आम्ल, आंबट चुक्यातलं ऑक्झॅलिक आम्ल, यांतलं कोणतंही कॅल्शियम कार्बोनेटला भिडलं की रासायनिक क्रिया होते. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि गुळगुळीत पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे पडतात. प्रकाश त्यांवरून विखुरतो आणि ती जागा पांढुरकी, निस्तेज दिसते. काळ्या कडप्प्यावर हा चट्टा सगळ्यात जास्त उठून दिसतो. सीलर छिद्रांच्या आत बसलेला असतो आणि पृष्ठभागावरचे दगडाचे कण उघडेच असतात, म्हणून आम्ल त्यांना थेट खातं. शेजारच्या घरी सीलर मारूनही चट्टा पडला, तो यामुळे. सीलर खोटा असेलच असं नाही, त्याच्याकडून अपेक्षा चुकीची होती.

याच्या उलट पुरावा आपल्या जुन्या घरांतच आहे. पाटा-वरवंटा काळ्या बेसाल्टचा. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चिंच घालून चटणी वाटली गेली, पण पाट्यावर कधी पांढरा चट्टा उमटला नाही, कारण बेसाल्टमध्ये आम्लाला खाण्याजोगं कॅल्शियम कार्बोनेट जवळपास नसतंच. टाकी लावलेला पाटा हळदीने, तेलाने, मिरचीने रंगायचा, म्हणजे प्यायचा पुष्कळ. पण आम्ल त्याला खात नसे.

आता डागांकडे येऊ. अर्धापूर परिसरातल्या स्वयंपाकघरांत तीन गोष्टी विशेष त्रास देतात.

पहिली, केळीचा चीक. इसापूर धरणाच्या पाण्यावर पिकणारी इथली केळी प्रसिद्ध आहे. ‘अर्धापुरी’ नावाचं वाणच आहे. कच्च्या केळीची साल काढताना किंवा फणी वेगळी करताना जो चीक गळतो, तो आधी पाण्यासारखा दिसतो, म्हणून दुर्लक्षित राहतो. त्यात फिनॉल वर्गातली द्रव्यं असतात. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झाला की ती तपकिरी-काळी होतात. चीक दगडात शिरल्यानंतर काळा पडला, तर तो पुसून निघत नाही. शेतात काम करणाऱ्यांच्या कपड्यांवरचे डाग ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे सांगायला नको. चीक सांडला की ओला असतानाच पुसावा, हा इथला पहिला नियम.

दुसरी, हळद. शेजारच्या वसमतची हळदीची बाजारपेठ सगळ्यांना ठाऊक आहे. हळदीतलं कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून कोरडी हळद सांडली तर झटकून निघते, पण फोडणीचं पिवळं तेल सांडलं तर ते रंगासकट दगडात उतरतं. साबणाने घासल्यावर हा डाग लाल होतो, कारण क्षारधर्मी द्रव्यात कुरकुमिनचा रंग बदलतो. घाबरू नये. कुरकुमिन उन्हात फिकं पडतं. खिडकीजवळच्या ओट्यावर हळदीचे डाग आपोआप उतरतात ते याच कारणाने.

तिसरी गोष्ट तेल. करडईचं तेल हवेत हळूहळू घट्ट आणि चिकट होतं. रंगनिर्मितीत ते याच गुणासाठी वापरलं जातं. कडप्पा काळा दिसावा म्हणून सणासुदीला त्याला खाण्याचं तेल पुसण्याची पद्धत अनेक घरांत आहे. दोन दिवस ओटा छान दिसतो. मग त्या चिकट थरावर धूळ बसते, झुरळं येतात, खवट वास येतो. तेल पुसणं ही एक प्रकारे छिद्रं भरण्याचीच जुनी युक्ती आहे, पण स्वयंपाकाच्या जागी ती करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

४. सीलर लागतो का, हे पाणी सांगेल

ओटा स्वच्छ पुसून पूर्ण कोरडा करा. तीन-चार ठिकाणी, विशेषतः शेगडीजवळ आणि सिंकजवळ, रुपयाच्या नाण्याएवढं पाणी ठेवा आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांत खालचा दगड गडद झाला, तर दगड भरपूर पितो आणि सीलर हवाच. दहा-पंधरा मिनिटांनी झाला, तर सीलरचा उपयोग होईल. अर्ध्या तासानंतरही पुसल्यावर खाली खूण नसेल, तर सीलर विकत घेऊ नका. घट्ट काळ्या दगडात शिरायला जागाच नसते. सीलर वरच सुकतो आणि चिकट, धुरकट पट्टे उमटतात. हीच चाचणी मग तेलाच्या एका थेंबाने करा, पण तुकड्यावर.

काळ्या ग्रॅनाइटच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी. फिका राखाडी दगड रंगवून काळा म्हणून विकण्याचा प्रकार होतो. पांढऱ्या फडक्यावर थोडं अॅसिटोन घेऊन नमुन्यावर घासा. फडकं काळं झालं, तर तो रंग आहे. अशा दगडाचं रूप सीलरने सुधारणार नाही, दगडच बदलून घ्यावा.

आणि ज्याला बाजारात नुसतं ‘क्वार्ट्झ’ म्हणतात तो ओटा कारखान्यात बनतो. दगडाचा चुरा रेझिनमध्ये घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे त्याला सीलर लागतच नाही. मात्र तो कापताना उडणारी सिलिकाची धूळ कारागिरांच्या फुप्फुसांना फार घातक असते. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा कृत्रिम दगडावर बंदीच घातली. ग्रॅनाइट कापतानाही सिलिकाची धूळ उडते. आपल्या दारात कुठलाही दगड कापला जात असेल, तर कटरवर पाण्याची धार सोडायला लावा आणि कारागिराला नीट मास्क द्या. ओट्याच्या चकाकीपेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

५. बाटलीत नेमकं काय असतं?

बाजारात दोन मूलतः वेगळ्या वस्तू ‘सीलर’ या एकाच नावाने मिळतात.

एक वरून थर देणारी: अॅक्रिलिक, पॉलियुरेथेन, इपॉक्सी, लॅकर किंवा मेण. ही दगडावर पातळ पापुद्रा धरते. लावल्याबरोबर ओटा आरशासारखा चमकतो, म्हणून दुकानात हीच पटकन खपते. पातळ थर आम्लाला काही काळ अडवतोही. पण ओट्यावर सुरी चालते, पातेलं सरकतं, गरम कुकर टेकतो. थर ओरखडतो, काही थर पिवळे पडतात, आणि खालच्या सिमेंटमधून वर येणारी ओल अडकली की पापुद्रा सुटू लागतो. मग तो पूर्ण खरवडून काढावा लागतो. देवघराच्या किंवा दिवाणखान्यातल्या दगडाला हा थर चालेल. स्वयंपाकाच्या ओट्याला तो लावू नये.

दुसरी वस्तू आत मुरणारा सीलर. यात सिलेन, सिलोक्सेन किंवा फ्लोरिनयुक्त पॉलिमर असतात. हे रेणू छिद्रांत शिरतात, आतल्या भिंतींना चिकटतात आणि त्या भिंती पाण्याला परक्या होतात. अळूच्या पानावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन घरंगळतं, तसंच छिद्राच्या तोंडाशी घडतं. छिद्र बंद होत नाही, त्यामुळे आतली वाफ बाहेर पडू शकते. दगडाचं रूपही फारसं बदलत नाही. ओट्यासाठी हाच प्रकार घ्यावा.

यात पुन्हा निवड आहे. सिलेनचे रेणू लहान असतात, घट्ट दगडात खोलवर जातात आणि सिलिकायुक्त दगडाशी पक्कं नातं जोडतात. चुन्याच्या दगडाशी त्यांचं बंधन तितकं मजबूत होत नाही. म्हणून शहाबादी-कडप्प्यासाठी लेबलवर लाइमस्टोन किंवा मार्बलचा स्पष्ट उल्लेख असलेलंच उत्पादन निवडावं.

दुसरा मुद्दा तेलाचा, आणि तोच सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. द्रव पसरायचा की थेंब धरून राहायचा, हे त्याच्या पृष्ठताणावर ठरतं. पाण्याचा पृष्ठताण सुमारे 72 एकक, खाद्यतेलाचा त्याच्या निम्म्याहूनही कमी, साधारण 32. नुसत्या सिलिकॉन वर्गातला सीलर पाण्याला थेंबात ठेवतो, पण तेल त्यावरूनही पसरतं आणि आत जातं. तेल अडवण्याचं काम मुख्यतः फ्लोरिनयुक्त द्रव्यं करतात. म्हणून लेबलवर फक्त ‘वॉटर रिपेलंट’ असेल तर ती बाटली स्वयंपाकघरात अपुरी. ‘ऑइल अँड वॉटर रिपेलंट’ असं लिहिलेली हवी. फ्लोरिनयुक्त द्रव्यं निसर्गात फार काळ टिकून राहतात, त्यामुळे गरजेपुरतीच वापरावीत आणि उरलेली मोरीत ओतू नयेत.

‘कलर एनहान्सर’ लिहिलेला सीलर दगड कायमचा ओला दिसावा तसा गडद करतो. फिका पडलेल्या कडप्प्याला तो शोभतो, पण आवडला नाही तर काढणं कठीण. आधी तुकड्यावर पाहावा.

पाण्यात विरघळवलेला सीलर घ्यावा की सॉल्व्हंटमधला? घट्ट दगडात सॉल्व्हंटवाला खोल जातो, पण तो वासाचा आणि ज्वालाग्राही असतो. नवख्याने पाण्यावर आधारित घ्यावा. कोणताही घेतला तरी सुकल्यानंतर अन्न हाताळायच्या जागेसाठी सुरक्षित असल्याचं बाटलीवर लिहिलेलं असावं.

किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. दहा फूट लांब, दोन फूट रुंद ओटा म्हणजे 20 चौरस फूट. दोन हात दिले तर 40. समजा लेबलवर लिटरला 100 चौरस फूट लिहिलं असेल, तर 400 मिलिलिटर पुरेल. अर्ध्या लिटरची बाटली बास. पाच लिटरचा कॅन कोणी गळ्यात मारू पाहत असेल तर हा हिशोब समोर ठेवा.

६. लावताना

नव्या ओट्याखालच्या सिमेंटमध्ये ओल असते. रात्रभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून ठेवा. सकाळी खाली दव दिसलं किंवा दगड गडद झाला, तर अजून थांबा. पावसाळ्यात घाई नको. मे महिन्यात दुपारच्या कडक उन्हात तर मुळीच लावू नका, सीलर मुरण्याआधीच वर सुकतो. सकाळची वेळ बरी. शेगडी बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या.

मऊ कापडाने दोन-तीन फुटांचा भाग ओला करा आणि लेबलवरच्या वेळेपर्यंत, बहुधा पाच-दहा मिनिटं, तसाच राहू द्या. मग वरचा जादा सीलर कोरड्या कापडाने पूर्ण पुसून घ्या. सगळी कला या पुसण्यात आहे. आत गेला तेवढाच सीलर कामाचा, वर राहिला तो पट्टे पाडतो. पट्टे पडलेच तर त्यावर तोच सीलर थोडा लावून लगेच घासून पुसा, ते विरघळून निघतात. पुढचा दिवसभर ओटा कोरडा ठेवा.

७. डाग पडलाच तर

तेलाच्या डागावर खाण्याचा सोडा पाण्यात दाट कालवून अर्ध्या बोटाचा लेप द्या, वर प्लॅस्टिक झाका आणि दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढून लेप वाळू द्या. वाळताना तो तेल ओढून घेतो. एकदोनदा करावं लागतं. हळदीला सोडा नको, तो क्षारधर्मी असल्याने डाग लाल करेल. तिथे औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड टाल्कम पावडरीत कालवून लावा, पण गडद दगडावर आधी कोपऱ्यात करून पाहा.

चट्ट्याला लेप चालत नाही. तिथे पॉलिशच करावं लागतं.

बोअरच्या पाण्याने सिंकभोवती पांढरा क्षार साचतो, आणि तो काढायला संडास धुण्याचं अॅसिड ओट्यावर ओतणारे कमी नाहीत. शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर यांचा यापेक्षा मोठा शत्रू नाही. पाच मिनिटांत वर्षानुवर्षांचं पॉलिश जातं. व्हिनेगर आणि लिंबूही तेच करतात, फक्त हळू. ओटा साध्या पाण्याने आणि भांड्यांच्या सौम्य साबणाने पुसावा, आणि सिंकभोवतीचं पाणी रात्री कोरडं करावं, म्हणजे क्षार साचतच नाही.

बाटलीवर दहा-पंधरा वर्षांची हमी छापलेली असली तरी शेगडीजवळचा भाग त्याच्या कितीतरी आधी उघडा पडू शकतो. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, पाण्याच्या थेंबाची चाचणी करा. दगड गडद झाला तरच पुन्हा सीलर लावा. नवा ओटा अजून घ्यायचा असेल आणि घरात लिंबू, चिंच, ताक रोजचं असेल, तर घट्ट काळा ग्रॅनाइट घ्या. त्याला बहुधा सीलर लागणारच नाही.